वाघाचा रुपया आणि गेंड्याचे चार आणे: नाण्यांच्या धंद्यात पैसा नेमका कुठे आहे?



मागच्या व्हिडिओत मी दुकानातला नाण्यांचा कोपरा दोन मिनिटं दाखवला, आणि त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न त्याच कोपऱ्याबद्दल आले. "ताई, आमच्याकडे गेंडावालं नाणं आहे, किती येतील?" "वाघाचा रुपया खरंच लाखाला जातो का?" "नाण्यांचा ऑनलाइन धंदा सुरू करायचाय, भांडवल किती लागेल?" व्हिडिओत एवढं सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. हिशेबही देणार आहे, आणि माझं नुकसान कुठे झालं तेही सांगणार आहे.

सुरुवात एका काकांपासून करते.

माझं दुकान चंद्रपूरला. स्टेशनरी, गिफ्ट आणि एका बाजूला पैसे पाठवायचं काउंटर. एका दुपारी एक काका आले. हातात श्रीखंडाचा जुना प्लॅस्टिकचा डबा. डबा बाजूला ठेवला, खिशातून नोटा काढल्या, मोजल्या आणि म्हणाले, "ताई, हे साडेआठ हजार या नंबरवर टाकून द्या." मी सहज विचारलं, "कशाचे काका?" तर म्हणाले, "जीएसटीचे. माझी नाणी विकली गेली. पाच लाखाला."

डबा उघडून दाखवला. आत पंचवीस पैशांची स्टीलची नाणी, एका बाजूला गेंडा असलेली. घरी येऊन मोजली असं ते म्हणाले, २१४ होती. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, खालच्या नंबरवर फोटो पाठवला, समोरून लगेच फोन आला. 'नोंदणी फी' म्हणून २,१०० रुपये आधीच गेले होते. आता 'जीएसटी' भरला की पाच लाख खात्यात येणार होते.

मला त्या व्यवहारावर कमिशन मिळालं असतं. नोटा समोर होत्या. पण मी त्या परत काकांकडे सरकवल्या आणि म्हटलं, "काका, पाच मिनिटं बसा."

काकांना राग आला. "तुम्हालाच घ्यायची असतील स्वस्तात," असं तोंडावर म्हणाले. मग मी काउंटरखालून माझा डबा काढला. त्यात तीच नाणी, तोच गेंडा. डब्यावर माझ्याच अक्षरात भाव लिहिला होता: कोणतंही एक, ५ रुपये.

काका बराच वेळ त्या चिठ्ठीकडे बघत राहिले.

मित्रांनो, या धंद्यात उतरायचं असेल तर आधी हे समजून घ्या की पाच लाख आणि पाच रुपये यांच्यामध्ये काय असतं. ते समजलं नाही तर तुम्ही एक तर फसाल, नाही तर नकळत दुसऱ्याला फसवाल.

एका नाण्याच्या तीन किमती

कोणतंही नाणं हातात घ्या, त्याला तीन किमती असतात.

पहिली, दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यावर छापलेली. गेंड्याच्या नाण्यावर २५ पैसे लिहिलंय. पण पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. म्हणजे आज ही किंमत शून्य.

दुसरी, धातूची किंमत. हे नाणं स्टेनलेस स्टीलचं, वजन तीन ग्रॅमही नाही. इथेही हाती काही लागत नाही.

तिसरी, संग्राहकाची किंमत. ज्याला ते नाणं आपल्या संग्रहात हवंय, तो काय देईल? हे दोन गोष्टींवर ठरतं: अशी नाणी किती शिल्लक आहेत आणि ती हवी असणारी माणसं किती आहेत. जुनेपणाचा संबंध यात फार कमी येतो. गेंड्याचं नाणं १९८८ पासून पुढे वर्षानुवर्षं टांकसाळींमधून निघत राहिलं. तुमच्या घरी आहे, शेजारी आहे, देवघरातल्या डब्यात आहे, माझ्या काउंटरखाली आहे. सगळ्यांकडे असलेल्या वस्तूला लाख रुपये कोण देईल?

आता तुम्ही म्हणाल, मग इंटरनेटवर लाखाचा भाव दिसतो तो काय? तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. मीही उद्या माझ्या दुकानातला पेन एक लाखाला लिस्ट करू शकते, अडवणारं कोणी नाही. धंद्यात भाव एकच: ज्या भावाला माल खरोखर गेला तो. लिलावाचे निकाल बघा, प्रदर्शनातले सौदे बघा. मागणाऱ्याचा आकडा वहीत लिहू नका.

प्राण्यांची नाणी: काय खरंच आहे आणि का विकलं जातं

प्राणी असलेलं नाणं विकायला सोपं असतं, हा माझा अनुभव. राजाचा चेहरा ओळखायला इतिहास लागतो. वाघ ओळखायला काही लागत नाही, चार वर्षांचं पोरही काउंटरवर बोट ठेवून "आई, वाघ!" म्हणतं. आणि हे आजचं नाही. गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर समुद्रगुप्त वाघाची शिकार करताना दिसतो आणि पहिला कुमारगुप्त चक्क गेंड्याची. टिपू सुलतानच्या तांब्याच्या पैशांवर हत्ती आहे. अशी नाणी तुमच्या-माझ्या बजेटची नाहीत, पण गिऱ्हाइकाला सांगायला गोष्ट म्हणून माहीत हवीत.

आपल्या आवाक्यातली पाहू.

वाघाचा रुपया, १९४७. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला चालणारा वाघ. युद्धाच्या काळात चांदीची चणचण झाली, म्हणून १९४६-४७ मध्ये चांदी सोडून निकेलची नाणी काढली गेली. पावली आणि अधेली दोन्ही वर्षांची मिळते, रुपया मात्र फक्त १९४७ चा. तो मुंबईत पडला आणि लाहोरलाही. एकाच वर्षी, एकच वाघ, आणि त्याच वर्षी मध्ये सीमा आली. ही गोष्ट मी गिऱ्हाइकाला सांगते तेव्हा नाणं हातातून खाली ठेवलं जात नाही.

ओळखायला एक सोपी चाचणी: शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतं. हा रुपया चिकटला नाही तर शंका घ्या. पण चिकटला म्हणजे खरा, असंही नाही, कारण लोखंडही चिकटतं. म्हणून वजन करा. खरा रुपया जुन्या एका तोळ्याच्या जवळ भरतो, साधारण ११.६ ग्रॅम. झिजलेला असेल तर किंचित कमी.

'डुकराचा रुपया', १९११. हे नाव ऐकून लोक हसतात, पण यात धंद्याचा मोठा धडा आहे. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या मानचिन्हात हत्ती होता. नाण्यावर तो इतका लहान आला आणि सोंड इतकी आखूड झाली, की लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. लोकांच्या भावना दुखावल्या, ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा झाला. म्हणून १९११ च्या रुपयाला नंतरच्या रुपयांपेक्षा जास्त भाव येतो. चांदी तीच, राजा तोच. फरक फक्त एवढाच की एक कमी उरलं. आणि जिथे भाव आहे तिथे नकलाही आहेत, त्यामुळे नवख्या माणसाने हे नाणं आधी शिकून मगच घ्यावं.

गेंड्याचे चार आणे. वर सांगितलंच. भाव नाही, पण उपयोग आहे. तो पुढे सांगते.

व्याघ्र प्रकल्पाचं ५० रुपयांचं नाणं, २०२३. व्याघ्र प्रकल्प १९७३ साली सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. पन्नास वर्षं झाली म्हणून ९ एप्रिल २०२३ ला म्हैसूरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते ५० रुपयांचं स्मारक नाणं निघालं. हे नाणं तुम्हाला बँकेत किंवा भाजीवाल्याकडे मिळणार नाही. अशी नाणी संग्राहकांसाठीच काढतात.

स्मारक नाणं म्हणजे काय, आणि ते येतं कुठून

एखादी व्यक्ती, घटना किंवा वर्धापनदिन यांच्या आठवणीसाठी काढलेलं नाणं म्हणजे स्मारक नाणं. स्वतंत्र भारतात याची सुरुवात १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या नाण्याने झाली. आज आपल्याकडे चार टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नाण्यावर वर्षाच्या खाली बघा. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एवढं पाठ करा, निम्म्या गिऱ्हाइकांवर छाप पडते. खोटं नाही सांगत.

या टांकसाळी चालवते 'एसपीएमसीआयएल' ही सरकारी कंपनी. स्मारक नाणी तिच्या वेबसाइटवर बुक करता येतात. दोन प्रकार मिळतात. 'प्रूफ' म्हणजे खास पॉलिश केलेल्या ठशांनी पाडलेलं, आरशासारखं चकचकीत. 'यूएनसी' म्हणजे न वापरलेलं, टांकसाळीतून थेट आलेलं. दोन्हींची विक्री किंमत दर्शनी किमतीपेक्षा बरीच जास्त असते, कारण त्यात धातू, घडणावळ आणि पॅकिंग सगळं आलं.

इथे नवखे फसतात. त्यांना वाटतं, सरकारने काढलंय, म्हणजे पुढे भाव वाढणारच. तसं काही लिहून दिलेलं नाही. शंभर रुपयांच्या बऱ्याच स्मारक नाण्यांचं वजन ३५ ग्रॅम असतं आणि त्यात निम्मी चांदी असते, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी तांबं, निकेल, जस्त. चांदीचा आजचा भाव धरून गुणाकार करा आणि तुम्ही दिलेल्या रकमेतून वजा करा. जो फरक उरतो तो तुम्ही नाण्याच्या 'आवडी'साठी मोजलाय. पुढचा गिऱ्हाईक तेवढाच आवडीचा मिळाला तर पैसे सुटतील. नाही मिळाला तर कपाटात राहतील.

जगाकडून एक धडा

चीनने १९८२ मध्ये पांडाचं सोन्याचं नाणं काढलं, पुढच्या वर्षी चांदीचंही. त्यांनी एक युक्ती केली: प्राणी तोच, पण चित्र दरवर्षी नवं. यंदा पांडा बांबू खातोय, पुढच्या वर्षी पिल्लाबरोबर खेळतोय. संग्राहकाला एक वर्ष चुकवून चालत नाही, कारण संग्रहात भोक पडतं. २००१ चंच चित्र त्यांनी २००२ मध्ये पुन्हा वापरलं, तेव्हा संग्राहकांनी नाराजी कळवली आणि २००३ पासून चित्र पुन्हा बदलू लागलं.

ब्रिटनमध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या नावाने २०२३ ची नवीन रोजची नाणी आली. खार, पफिन पक्षी, मधमाश्या, सगळे तिथले जीव. त्यात ५० पेन्सवर साल्मन मासा आहे. त्या वर्षीची ही नाणी फक्त दोन लाख चलनात गेली, आणि लोक सुट्ट्या पैशांत मासा शोधायला लागले.

आपल्यासाठी यातून काय घ्यायचं? लोक नाणं सुटं घेत नाहीत, ते माळ पूर्ण करतात. ज्याच्याकडे चारपैकी तीन आहेत त्याला चौथं हवंच असतं. म्हणून तुम्ही विकताना सुटं नाणं समोर ठेवू नका, माळ समोर ठेवा.

माझी चूक: ७,२०० रुपयांची शाळा

आता माझं ऐका. बीबीए झालं होतं, दुकान चालत होतं, आपल्याला धंदा कळतो असा समज होता. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे वाघाच्या रुपयांचा लॉट दिसला. ६० नाणी, १२० रुपयांना एक. सुटं नाणं २०० च्या पुढे विकलं जातं हे मी ऐकलं होतं. मनातल्या मनात गुणाकार केला: ६० गुणिले ८०, म्हणजे ४,८०० नफा. ७,२०० रुपये मोजले आणि पिशवी घेऊन घरी आले.

पहिली चूक, एकेक नाणं भिंगाखाली बघितलं नाही. वरची दहा-पंधरा छान होती, खालची झिजलेली.

दुसरी चूक अजून मोठी. काळपट नाणी गिऱ्हाईक घेणार नाही असं वाटलं. आजी तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासायची, तीच विद्या मी वापरली. वर जुना टूथब्रश. ४० नाणी घासून लख्ख केली. फोटो काढून एका अनुभवी संग्राहकांना पाठवले. त्यांचा एका ओळीचा रिप्लाय आला: "घासली का?"

मित्रांनो, घासलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतो. टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी घासल्यावर जाते, बारीक ओरखडे पडतात, आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. काळपटपणा हा नाण्याच्या वयाचा पुरावा असतो. आपण मात्र तो मळ समजून घासून काढतो.

हिशेब असा झाला. न घासलेली २० नाणी सरासरी २०० ने गेली: ४,०००. घासलेली ४० नाणी ६० रुपयांनी कशीबशी काढली: २,४००. एकूण ६,४००. म्हणजे ८०० रुपये थेट तोटा, प्रवासखर्च वेगळा, आणि दीड वर्ष पैसा अडकला तो वेगळाच. त्या पैशांत शाळा सुरू होताना वह्यांचा एक लॉट घेतला असता तर दोन महिन्यांत सुटला असता.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. न बघता लॉट घ्यायचा नाही. आणि नाणं घासायचं नाही, गिऱ्हाईक म्हणालं तरी नाही.

मग पैसा आहे कुठे?

माझ्या कोपऱ्यात तीन गोष्टींवर पैसे सुटतात.

एक, सामान. अल्बम, नाणं ठेवायचे पुठ्ठ्याचे होल्डर, प्लॅस्टिकच्या गोल कॅप्सूल, भिंग. नाण्याचा भाव पडो की चढो, ते ठेवायला जागा लागतेच. हे सामान जुनं होत नाही, त्यात नकली-असलीचा घोळ नाही, आणि एकदा अल्बम घेतलेला मुलगा पानं भरायला पुन्हा पुन्हा येतो.

दोन, सेट. एकेकटं गेंड्याचं नाणं पाच रुपयांचं. पण चार टांकसाळींची चार नाणी एका कार्डवर लावली, खाली चौकट, चांदणी, ठिपका आणि 'चिन्ह नाही' हे छापून दिलं, की तो 'माझा पहिला संग्रह' होतो. मी तो ७० ला विकते. नाण्यांचे मला दहा-बारा रुपये पडतात, कार्ड आणि होल्डरचे वीस. वाढदिवसाला मित्राला काय द्यायचं, हा प्रश्न शाळेतल्या पोरांचा सत्तर रुपयांत सुटतो. गेंड्याच्या चार आण्यांचा उपयोग म्हणाले होते तो हाच.

तीन, गोष्टीसह फ्रेम. ताडोब्याला येणारे पर्यटक टी-शर्ट आणि कप घेतातच. मी वाघाच्या रुपयाची छोटी फ्रेम केली: कॅप्सूलमध्ये नाणं, खाली चार ओळी, मुंबई-लाहोरची ती गोष्ट. खर्च असा: नाणं २००, फ्रेम आणि कॅप्सूल १४०, छापील कार्ड २०, खोका ३०. एकूण ३९०. विक्री ६९९. वर ३०९ दिसतात ना? थांबा. सवलत आणि पेमेंटचा खर्च साधारण ६० धरा. काच फुटणं, परत येणं, पडून राहणं यासाठी नगामागे ४० धरा. उरले २०९. महिन्याला २० फ्रेम गेल्या तर ४,१८०. जीएसटी नोंदणी असेल तर त्याचा हिशेब आधी सीएकडून करून घ्या.

चार हजारांवर घर चालत नाही, हे स्पष्ट सांगते. म्हणून नोकरी सोडून, कर्ज काढून नाण्यांच्या धंद्यात उडी मारू नका. चालत्या दुकानाला जोडलेला कोपरा म्हणून हा उत्तम आहे. माणूस नाणं बघायला आत येतो आणि जाताना वही, पेन, गिफ्ट घेऊन जातो.

कायद्याच्या चार गोष्टी

या चार गोष्टी वहीत लिहूनच ठेवा.

नाणं वितळवणं, मोडणं यावर कॉइनेज अ‍ॅक्ट, २०११ नुसार बंदी आहे. नाण्याला भोक पाडून की-चेन किंवा लॉकेट बनवायची आयडिया मला दर महिन्याला कोणी तरी सांगतं. त्या वाटेला जाऊ नका. फ्रेममध्येही गोंद लावू नका, कॅप्सूल वापरा.

शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. परवानगीशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवान्याचा विषय येतो. म्हणजे १९११ चा रुपया अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला सहज कुरिअर केला, असं चालत नाही. १९४७ चा वाघ अजून त्या वयाचा झालेला नाही. जुन्या मालाला हात लावण्याआधी जाणकार वकिलाला विचारा.

प्राण्यांची नाणी ठेवता म्हटल्यावर कोणी तरी हळू आवाजात विचारतं, "वाघनख मिळेल का? हस्तिदंत?" वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा गंभीर गुन्हा आहे. गंमत म्हणूनसुद्धा बोलणी करू नका, सरळ नाही म्हणा.

आणि चौथी, नकली नाणं चुकून विकलं गेलं तर पैसे परत. हे कायद्यापेक्षा तुमच्या नावासाठी. मी प्रत्येक नाण्याबरोबर बिल देते, त्यावर वर्ष, टांकसाळ आणि स्थिती लिहिते. या धंद्यात माल सगळ्यांकडे तोच असतो. गिऱ्हाईक परत कुणाकडे जातं, ते बिलावर ठरतं.

फसवणूक कशी ओळखायची

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचं नाव आणि लोगो वापरून लोकांकडून फी, कमिशन, कर मागितला जातोय, बँक असा कोणताही व्यवहार करत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तरी तोच खेळ चालू आहे. कारण आमिष प्रत्येक घरातल्या डब्यात पडलेलं आहे.

एक वाक्य लक्षात ठेवा: विकणाऱ्याला पैसे मिळतात, विकणारा पैसे भरत नाही. तुम्ही नाणं विकताय आणि समोरचा तुमच्याकडेच नोंदणी फी, जीएसटी, विमा, कुरिअर म्हणून पैसे मागतोय, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी आशा कमी.

त्या दिवशी काकांनी माझ्या काउंटरवरूनच १९३० ला फोन लावला. तक्रार नोंदवली गेली. आधीचे २,१०० रुपये आजवर परत आलेले नाहीत. साडेआठ हजार मात्र खिशात घालून ते घरी गेले. नंतर कळलं, ते नातीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले होते.

आठवड्याने काका पुन्हा आले, तोच डबा घेऊन. म्हणाले, "ताई, आता खरा भाव सांगा." आम्ही दोघांनी बसून नाणी निवडली. त्यातली ६० चांगली मी ३ रुपयांप्रमाणे घेतली, १८० रुपये दिले. बाकी त्यांना म्हटलं, नातवंडांसाठी ठेवा. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि चांदणी-ठिपका शोधत अर्धा तास बसले. जाताना एक अल्बम विकत घेऊन गेले.

तुमचा या आठवड्याचा गृहपाठ

अजून एक रुपयाचाही माल घ्यायचा नाही. आधी घरातला डबा उघडा. सगळी नाणी वर्षानुसार आणि टांकसाळीनुसार लावा आणि वहीत चार रकाने करा: वर्ष, टांकसाळ, स्थिती, नग. मग एखाद्या जवळच्या नाणे प्रदर्शनाला जा आणि फक्त बघा. कोणतं नाणं कितीला 'मागितलं' आणि कितीला 'गेलं', दोन्ही लिहा. महिनाभर हे केलंत की कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

त्यानंतर सुरुवात करायचीच असेल तर पाच हजारांच्या आत करा, आणि त्यातले पहिले पैसे भिंग, मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा, चुंबक आणि होल्डर यांना द्या. नाणी सगळ्यात शेवटी.

तुमच्या वहीचा फोटो मला नक्की पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या पाच वह्या घेऊन भाव कसा काढायचा ते करून दाखवते. आणि तुमच्या ओळखीत कोणी डबा घेऊन पाच लाखांची वाट बघत असेल, तर आज त्यांना फक्त १९३० हा नंबर आणि ते एक वाक्य पाठवा. बाकी धंदा आपण नंतर शिकू.

भेटूया!